कुंपणापलीकडून वाचणारी प्रज्ञा

अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला राहणाऱ्या प्रज्ञाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी जर्सी सिटीत ट्रेनची वाट बघत होते. "मेधाताई, ताई गेली... बर्फावर गाडी स्लिप झाली." मी बाकावर बसले. गाड्या येत-जात राहिल्या. रडू आलंच, पण त्याच्याही आधी मनात आलं, इथेही ही माझ्या पुढे...

२००३ साली स्टेट कॉलेज नावाच्या विद्यापीठाच्या गावी आम्ही एक अपार्टमेंट शेअर करत होतो. ती नागपूरची, मी पुण्याची. दोघींचा विषय एकच, प्युरिटन साहित्य. इंग्लंड सोडून इथे आलेल्या त्या करड्या धर्मनिष्ठ माणसांची प्रवचनं, रोजनिश्या, आणि त्यातून अमेरिकेच्या अंगात मुरलेल्या गोष्टी : कामालाच पूजा मानणं, स्वतःच्या मनाची रोज झडती घेणं, देवानं आपल्याला निवडलंय हा विश्वास. मी संदर्भग्रंथांचे ढीग लावायची. प्रज्ञा एकच प्रवचन आठवडाभर घेऊन बसायची आणि मग वरणाला फोडणी देता देता असं काही बोलायची, की माझे ढीग कोसळायचे. आमच्या प्राध्यापक बाई मला "फार व्यवस्थित" म्हणायच्या. तिचं ऐकताना मात्र पेन खाली ठेवायच्या. ते खाली ठेवलेलं पेन मला अजून टोचतं.

पुढच्या वर्षी बाई आम्हाला मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावी, जुन्या प्रार्थनाघरात बोलायला घेऊन गेल्या. मी निबंध वाचला. टाळ्या बऱ्या पडल्या. प्रज्ञा मोकळ्या हातांनी उभी राहिली. "या लोकांनी पोराबाळांना वाचायला शिकवलं, कारण देव आणि माणसामध्ये त्यांना कुणी मध्यस्थ नको होता," ती म्हणाली. "माझ्या आजोबांना हे समजावून सांगावं लागलं नसतं. ते शाळेच्या बाहेर, पायरीखाली बसून अक्षरं शिकले. पण हेच लोक म्हणतात, आम्ही निवडलेले. मग न निवडलेले कोण? या जमिनीवर आधीपासून राहणारे कोण? आजोबांना हेही समजावावं लागलं नसतं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढच्या बाकावरची एक म्हातारी काठी टेकत उठली. "माझ्या पूर्वजांनी ही वास्तू बांधली," ती म्हणाली. "मला कुंपण फक्त आतून माहीत होतं." आणि तिनं प्रज्ञाचे दोन्ही हात धरून ठेवले.

परतताना गाडीत मी म्हटलं, "तुझ्याकडे आजोबा आहेत यार, माझ्याकडे नुसत्या तळटीपा."

ती हसली नाही. "घेतेस बदलून? पायरीसकट?"

उत्तर दोघींनाही ठाऊक होतं, आणि तरीही मला तिचा हेवा वाटत होता.

मग ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजात जागा निघाली. दोघींनी अर्ज केला. तिला मिळाली. मी जर्सी सिटीला येऊन एका कंपनीची मॅन्युअल्स एडिट करू लागले. ती फोन करायची, वर्गातल्या गमती सांगायची. मी "मस्त गं" म्हणायची आणि फोन ठेवल्यावर किती तरी वेळ भांडी घासत बसायची.

ती गेल्यावर त्याच कॉलेजनं माझा जुना अर्ज शोधून विचारलं, तिची टर्म पूर्ण कराल का? जिच्यासाठी मी तळमळले होते, ती जागा अशी हाती आली.

पहिल्या दिवशी मी बोलायला तोंड उघडणार, तोच मागची एक मुलगी उभी राहून प्रवचनातला उतारा मोठ्यानं वाचू लागली. ती थांबली तिथून शेजारच्यानं उचलला. मग त्याच्या पुढच्यानं. "आम्ही नेहमी असंच सुरू करतो," मुलीनं मला सांगितलं. "प्रोफेसर म्हणायच्या, आधी प्रत्येकाच्या तोंडून ऐकू, अर्थ मग लावू."

सगळे माझ्याकडे बघत होते. माझी पाळी होती. मी उभी राहिले, आणि वाचलं...

टर्म संपेपर्यंत तो वर्ग रोज असाच सुरू झाला. हेवा गेला म्हणाल, तर नाही. आता तो त्या मुलांचा वाटतो. त्यांना ती शिकवायला होती.