मुक्या पदाला वन्समोर

सलूनमधल्या टीव्हीचा आवाज बंद होता. पडद्यावरचा गवई असं तोंड वासून गात होता, की आत बैलगाडी वळवून घ्यावी. शेजारच्या खुर्चीतले बापूकाका गालावरच्या फेसातून म्हणाले, "आमचे वडील असेच गायले, मूकपटात."

बापूकाकांच्या वडिलांच्या गाजलेल्या संगीत नाटकाचा मूकपट निघाला होता. वडिलांनी कॅमेऱ्यापुढे अख्खं पद म्हटलं. थिएटरात ऐकू काहीच येईना, तरी लोक सवयीने ओरडले, "वन्समोर!" यंत्रवाला रीळ मागे गुंडाळून पुन्हा दाखवी. गावोगाव हेच. फिल्म झिजून मलमल झाली, शेवटी नुसता पांढरा पडदा उरला आणि लोकांनी त्यालाही वन्समोर दिला, हे मी शपथेवर सांगतो. कौतुकानेसुद्धा माणूस झिजतो, दुसरं काय!

वडील गेले तेव्हा बापूकाका पाळण्यात होते. घरात वडिलांचा एक फोटोही नाही.

"आवाज वाढवू का, काका?" सलूनवाल्या संतोषने विचारलं.

"नको रे. तोंड तेवढं बघू दे."

गाणं संपलं, साबणाची जाहिरात लागली. बापूकाका दमल्या आवाजात पुटपुटले, "वन्समोर."

संतोषचा वस्तरा थांबला. आम्ही तिघेही साबणाकडे बघत राहिलो.