गढूळ पाण्याचा गळ

दुबईत जबल अलीच्या आमच्या लेबर कॅम्पात एक मालवणी वेल्डर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, गळाला आमिष म्हणून कोंबडीची लाल पिसं बांधत बसायचा. दोरा दातात, थुंकी लावून पीस घट्ट. समुद्रावर मात्र मासा कधीच लागत नसे.

घरी जायला सुट्टी मागितली की साहेब म्हणे, "इन्शाल्ला, पुढच्या वर्षी." पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. ही कसली नोकरी? हा तर कोंडवाडा!

एकदा मी वैतागून म्हणालो, "काका, इथलं पाणी नितळ आहे, मासा बुजतो. हे भडक पीस गावच्या गढूळ खाडीत चालायचं. रंग बदला की!"

तो गाठ मारत म्हणाला, "रंग बदललो तर हात गावची खाडी इसरतलो, झिला. मगे घराक गेल्यार काय करू?"