धारेचं पातळ

लेकीने पुण्याहून फोन केला आणि म्हणाली, "आई, तिकिटं काढलीत. तू, आप्पा आणि मी. अंदमानला, पाच दिवस. तिथं काही करायचं नाही, नुसतं आरामात राहायचं." मी हो म्हणाले. लेक नोकरीला लागल्यापासून हेच म्हणत होती, तिचं मन मोडवेना. पण काही करायचं नाही तर एवढ्या लांब का जायचं, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

आमची वस्ती सोनईपासून जवळ. दारात एक गाय आहे. मागच्या वेताला तिचं वासरू जन्मतःच गेलं, तेव्हापासून ती पान्हा चोरते. दुसऱ्या कोणी कासेला हात लावला की लाथ झाडते. माझ्यापाशी मात्र उभी राहते. म्हणून मी धारेसाठी एक पातळ वेगळं ठेवलं आहे. हिरवं, सुती. ते कधी धुवायचं नाही. धार काढताना नेसायचं, झाली की गोठ्यातल्या खुंटीला टांगायचं. मी गावाला गेले तर जो धारेला बसेल त्याने ते अंगाभोवती गुंडाळायचं. वासावरून गाईला वाटतं मीच आहे, आणि ती दूध सोडते. आमच्याकडे पुष्कळ घरी असं करतात. माझा एवढा मिशीवाला पोरगाही ते गुंडाळून बसलेला आहे.

पण आता पोराची कारखान्यात पाळी होती, कधी दिवसा, कधी रात्री. म्हणजे पाच दिवस धार सुनेवर आली. लग्नाला आठ महिने झालेले, माहेर कोपरगावात, तिथं दारात कधी शेळीसुद्धा नव्हती. मी तिला चार दिवस शिकवलं. आधी पुढ्यात आंबोण म्हणजे भिजवलेली पेंड ठेवायची, मग मागच्या पायाला भाला म्हणजे दोरी घालायची, कासेला कोमट पाणी लावायचं. आणि पातळ विसरायचं नाही. हे मी इतक्या वेळा सांगितलं की ती म्हणाली, "आत्या, मी ते नेसूनच झोपते आता." माझ्यासमोर तिने दोनदा धार काढली, गाय उभी राहिली. पण तेव्हा मी गाईच्या तोंडाशी होते.

माझ्याकडे तसलंच दुसरं पातळ होतं. एका लग्नात मला आणि जावेला सारखा आहेर झाला आणि जावेला रंग आवडला नाही म्हणून तिने तिचंही मलाच दिलं. ते मी घरात नेसायची. लेकीने सांगितलं होतं, समुद्रात भिजायला एखादं जुनं घे. निघायच्या दिवशी सकाळची धार झाली, मी धारेचं पातळ सोडलं, तेवढ्यात तारेवर वाळत घातलेलं दुसरंही काढलं, आणि गाडी आली म्हणून ह्यांनी हाक मारली. दोन्ही पातळं हातात. एक खुंटीला गेलं, एक पिशवीत.

विमानाचं मला फारसं आठवत नाही, मी डोळे मिटून बसले होते. मग एक बोट, मग एक छोटं बेट, आणि समुद्राच्या कडेला लाकडाची खोली. नारळाची झाडं वाकडी होऊन पाण्यावर गेलेली. लेक म्हणाली, "कसं आहे?" मी म्हणाले, "चांगलं आहे." चांगलंच होतं. फक्त त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं.

पहिल्या सकाळी जाग आली तर खोलीत लख्ख ऊन. मी ताडकन उठले. धारेला उशीर झाला असं वाटून बादली शोधायला लागले. घड्याळात पाहिलं तर पाच वाजून वीस मिनिटं. आमच्याकडे त्या वेळी गोठ्यात दिवा लावावा लागतो. लेक पांघरुणातून म्हणाली, "आई, इथं सूर्य लवकर उगवतो. झोप." बाहेर आले तर समुद्रच नव्हता. संध्याकाळी खोलीच्या पायरीपाशी होता, आता लांब कुठेतरी गेलेला आणि मध्ये नुसते ओले दगड. संध्याकाळी साडेपाचला पुन्हा अंधार. माझा सगळा दिवस दोन धारांवर चालतो, त्या दोन्ही वेळा तिथं भलत्याच जागी पडल्या होत्या.

दुपारी लेक म्हणाली, चल भिजायला. मी पिशवीतून हिरवं पातळ काढलं. घडी उघडली आणि त्या खोलीत आमचा गोठा आला. शेण, पेंड, दूध, गाईचं अंग. निघताना मी स्वतःच धारेवरून उठलेली, अंगाला तोच वास, तेव्हा कसा कळणार? मी पुन्हा हुंगलं. मग पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली. वास उडाला तर परत गेल्यावर काय करायचं?

बाहेर हे झाडाला बांधलेल्या झोळीत झोपले होते. लेकीने घेऊन दिलेली अर्धी चड्डी, त्यावर फुलं. जन्मभर धोतराशिवाय दुसरं काही न घातलेला माणूस. मी जवळ जाऊन हळूच सांगितलं.

"धारेचं पातळ हितं आलंय."

"कुनासंगं आलं?"

"माझ्या पिशवीत. ते दुसरं तिकडं ऱ्हायलं."

त्यांनी एक डोळा उघडला. "मंग आता काय त्येला इमानात बसवून धाडायचं का?"

"आवो, कास तटली म्हंजे? दगडी झाली म्हंजे?"

"पोरगी बघंल की. तू जरा पड की वाळूत. लई ग्वाड वाटतंय."

असं म्हणून ते पुन्हा डुलायला लागले. त्यांना सुट्टी कशी घ्यायची ते कोणी शिकवलं होतं, देव जाणे.

कासेत दूध राहिलं की ती दगडासारखी कडक होते, ताप येतो, एखादा सड म्हणजे आचळ कायमचा जातो. शेजारच्या वस्तीवरच्या गाईचे दोन सड असेच गेले, मग तिला कोणी ठेवली नाही. आमची ती एकच गाय. मला समोर निळं पाणी दिसत होतं आणि डोक्यात तिची कास.

खोलीत फोन लागत नव्हता. जेवणाच्या जागेपाशी एका कोपऱ्यात उभं राहिलं की तुटक लागायचा. सून म्हणाली, "आत्या, पातळ गुंडाळलं हुतं ओ. तरी लाथा मारती. बादली सांडली. पावशेरबी न्हाई दिलं."

मी सांगणार होते, बाई, ते पातळ खरं नव्हे. तोंडातून निघेना. तिला चार दिवस मीच बजावलं होतं, आणि चुकले मी. शिवाय खरं पातळ इथं आहे हे ऐकून तिचा उरलासुरला धीर गेला असता. की हे कारण मी नंतर जुळवलं, तेही मला नीट सांगता येत नाही. मी एवढंच म्हणाले, "घाबरू नकू. तिच्यासंगं बोलत ऱ्हा." आणि फोन कट झाला. संध्याकाळी लागला नाही. दुसऱ्या दिवशीही लागला नाही.

लेकीला मी काहीच बोलले नाही. तिने इतक्या हौसेने आणलेलं, त्यात गाईचं रडगाणं कुठं गायचं. ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून हाका मारायची आणि मी चांगली साडी सावरत वाळूत बसायची. शेवटी ती ओली तशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"जुनं पातळ आणलंस ना? मग नेस की."

"नको गं."

"का?"

"असंच."

"तुला आवडलंच नाही इथं. सांग ना सरळ. आप्पा बघ कसे आहेत आणि तू बघ. मी कोणासाठी केलं हे?"

तिचे डोळे भरले होते. मला सांगायला हवं होतं. मी वाळू चिमटीत घेऊन सोडत बसले. ती निघून गेली, आणि तिचं वाईट वाटावं की गाईचं, हेही मला ठरवता येईना.

तिसऱ्या दिवशी जेवायला बसलो असताना फोन वाजला. सून ओरडतच होती.

"आत्या, दिलं! काल संध्याकाळीबी दिलं, आज सकाळीबी. बादली भरली."

"काय केलंस?"

"तुमी सांगितलं त्येच. पातळ गुंडाळलं आन् बसले. तिनं लाथ मारली, म्हनलं मार. मला रडूच फुटलं ओ आत्या, तिच्या पोटाला डोकं लावून रडले. तर गप हुबी ऱ्हायली. तुमच्या पातळाचा गुन हाय बगा."

"व्हय," मी म्हणाले. "पातळाचाच."

फोन ठेवल्यावर ह्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "दिलं दूध." ते म्हणाले, "मंग? म्या काय म्हनलं हुतं," आणि भात कालवायला लागले.

मला हायसं वाटलं. पण जेवण मात्र गेलं नाही. घरातलं पातळ, साबणाने धुतलेलं, त्याला गाय कशी फसली? की घरातल्या पातळालाही माझा वास होता? की इतके दिवस पातळाचं काही नव्हतंच, आणि मीच आपली खुंटीला टांगून पूजा करत होते?

दुपारी मी गाठ सोडली, धारेचं पातळ नेसले आणि पाण्यात गेले. लेकीने धावत येऊन हात धरला. पाणी कोमट होतं, कासेला लावायचं असतं तसं. लाट आली की पायाखालची वाळू सरकायची, मी उभी होते तिथंच होते तरी कुठंतरी चालल्यासारखं वाटायचं. नाकातोंडात खारट पाणी गेलं. मी हसले असं लेक म्हणते. तिच्या मोबाईलमधल्या फोटोत मी हसते आहे खरी, पण बघणाऱ्याला वाटेल ही बाई काहीतरी शोधतेय.

घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून गोठ्याकडे गेले. सून आधीच धारेला बसली होती. गाऊनवरच. खुंटीवर पातळ तसंच होतं.

"अगं, पातळ न्हाई गुंडाळलंस?"

"त्यात पाय अडकत्यात ओ आत्या. परवापसनं न्हाई गुंडाळत." धारेचा हात न थांबवता ती म्हणाली, "जरा बाजूला व्हा, उजेड येऊ द्या."

मी बाजूला झाले. गाईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा आंबोणात तोंड घातलं. सुनेला खरं सांगावं असं ओठांवर आलं होतं, पण आता त्यात सांगायचं काय उरलं होतं? आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल. ती उठून बादली घेऊन गेली, तेव्हा मी खाली वाकून कासेवरून हात फिरवला. चारही सड मोकळे होते, मऊ होते. गाय हलली नाही.