अडलेले चाक

गंजलेली वस्तू पुढे आली की मारोतराव आधी ती नखाने वाजवून कानाशी धरत. आवाज खणखणीत आला तर ठेवून घेत. दबका आला तर परत देत. म्हणत, “आतून खाल्लं हाये. आता याले माती होऊ द्या.”

कारंज्यात ते कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. काम सुटल्यावर त्यांनी घराच्या पडवीत गंज काढून देण्याची बैठक मांडली. पन्नासच्या दशकातली चार वर्षे मी शेजारच्या खोलीत भाड्याने राहत होतो. चिंचेच्या पाण्याची कुंडी, घासलेटचा डबा, विटकरीची भुकटी आणि चिंध्या एवढाच त्यांचा पसारा. हातोडी होती, पण खुंटीला टांगलेली. तरुणपणी घाईने घाव घालून त्यांनी एका यंत्राचा बिडाचा भाग फोडला होता. ही गोष्ट ते प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगत.

चैत्रात गल्लीतल्या गोदाबाई शिवणयंत्र घेऊन आल्या. त्यांचे यजमान शिंपीकाम करीत. ते पौषात वारले. त्याआधीच्या दसऱ्याला ते अंथरुणाला खिळलेले होते, म्हणून यंत्राची पूजा बाईंनी केली. तांब्याभर पाण्याने त्याला आंघोळ घातली, हळदकुंकू वाहिले आणि पेटीत बंद केले. आता चाक हलत नव्हते.

“काहून पाणी घातलं व बाई मशीनले?”

“देवाले घालतो ना भाऊ, मंग? ते बरे व्हावे म्हणून घातलं.”

मारोतरावांनी यंत्र ठेवून घेतले.

किन्हीराजा गावाहून आलेल्या भावाने, तुकारामने, गोदाबाईंना आखाजीपर्यंतची, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतची, मुदत दिली होती. तोवर शिवणकाम सुरू झाले नाही, तर त्यांनी खोली सोडून त्याच्याकडे जायचे. बाई म्हणाल्या, “भावाच्या घरी भाकर भेटते, चूल नाही भेटत.”

मारोतरावांनी सुटे भाग चिंचेच्या पाण्यात टाकले, घासले, वाळवले, तेलात ठेवले. मुख्य दांडा मात्र जागचा हलेना. रोज सकाळी ते छिद्रांत घासलेट सोडत आणि चाकाला फक्त हात लावून पाहत.

आखाजीच्या सकाळी तुकाराम बैलगाडी घेऊन आला.

“हाणा ना एक हातोडा! लेकरू हाये का ते?”

“जंग मारून निघत नाही गा. मनवून निघते.”

“पंधरा दिस झाले मनवून राह्यले तुमी. नवरी तरी आयकली असती!”

मारोतराव हसले. एक वीट तापवून त्यांनी ती दांड्याशी धरली, पुन्हा घासलेट सोडले आणि उठून बाजूला झाले. “बाई, तुमी फिरवा. थोडं मांगं, थोडं पुढं. जोर नका लावू.”

बाईंनी चाक धरले. बराच वेळ काही झाले नाही. मग ते बोटभर मागे गेले. करकरले. पुढे आले. बाई फिरवत राहिल्या. तुकारामने बैल सोडले आणि त्यांच्यापुढे कडबा टाकला.

“आता दसऱ्याले पाणी नाही,” मारोतराव म्हणाले. “तेलाचे दोन थेंब. तीच त्याची पूजा.”

दोन वर्षांनी भाद्रपदात मारोतराव वारले. दसऱ्याला त्यांच्या पत्नीने पान्हे, पकडी, कानशी पाटावर मांडल्या. खुंटीवरची हातोडीही काढून ठेवली आणि पाण्याचा तांब्या उचलला. गोदाबाईंनी त्यांचा हात धरला.

“वयनी, पाणी नको.”

त्या घरी गेल्या, यंत्राची तेलाची कुपी घेऊन आल्या आणि एकेक अवजार पुसू लागल्या. हातोडी सगळ्यात शेवटी पुसली.