मोतद्दाराची तसबीर

चंद्रभानला हळू बोलता येत नव्हतं. जेवताना मीठ मागितलं तरी शेजारच्या घरातून कुणीतरी म्हणायचं, "द्या की वो वहिनी, मीठ मागायलेत." त्याची बायको धुरपताबाई वैतागायची. "ह्या माणसासंगं भांडायची बी सोय न्हाई. मी चार शब्द बोलते, हे एक बोलतेत, आन् गावाला वाटतं हेच मला रागं भरायलेत."

पण त्या आवाजावरच घर चालायचं. पाथरी, सेलू, मानवत, जिथं बैलबाजार भरायचा तिथं हर्रास निघाला की चंद्रभानला बोलावणं यायचं. लिलाव हा शब्द सरकारी कागदावर, लोकांच्या तोंडी हर्रासच. गाडीच्या जुवावर उभा राहून तो बैलाचं असं वर्णन करायचा की ज्याला बैल नको त्याचाही हात खिशाकडं जायचा. "खांदा बघा मालक. हा खांदा न्हवं, शाळामास्तराचा टेबल हाय." एक म्हणायचा. दोन म्हणायचा. मग सगळ्यांच्या तोंडाकडं एकदा बघून घ्यायचा आणि तीन म्हणायचा. त्यानं तीन म्हटलं की माल गेला, आणि त्यानं तीन म्हटल्याबिगर काही जात नव्हतं.

छप्पन साली वस्तीनं दीक्षा घेतली, गावकीची कामं सोडली, तशी चंद्रभाननं दवंडीही सोडली. वस्तीतली शिकलेली पोरं त्याला टोचायची. "काका, दवंडी सोडली आन् पुकार धरली. फरक काय झाला वो?"

"दवंडी गावाच्या हुकुमानं व्हती," चंद्रभान म्हणायचा. "ही माह्या मनानं हाय. माल पटला न्हाई तर मी जागचा हालत न्हाई."

चौऱ्याहत्तर साल असेल. राजेरजवाड्यांचे तनखे बंद झालेले, आणि जुन्या घराण्यांचं सामान हळूहळू उजेडात येत होतं. पाथरीच्या बाजारात किशनराव वकील चंद्रभानला शोधत आले.

"राजे व्यंकटरावांच्या वाड्यातलं, देवडीतलं सामान काढायचंय," ते म्हणाले. "नातू हैदराबादेत असतात. मुखत्यारपत्र मला दिलंय. पुकारायला तू ये."

"काय काय हाय, वकीलसाब?"

"झुंबरं, चांदीची अत्तरदाणी, राजेसाहेबांचा शिरपेच. सगळा दरबारी माल आहे. हैदराबादचे व्यापारी येणारेत. तसबिरीही आहेत."

चंद्रभाननं पान तोंडात घालायला हात उचलला होता, तो तसाच राहिला. "घोड्याची तसबीर हाय का त्यात?"

"आहे की. तुला कशी ठाऊक?"

ठाऊक नसायला काय झालं. त्याचा बाप भुजंग हा राजेसाहेबांचा मोतद्दार, म्हणजे त्यांच्या घोड्याची निगा राखणारा. कधीतरी हैदराबादेहून एक चित्रकार आला होता. त्यानं राजेसाहेबांना काढलं, घोड्याला काढलं, आणि घोडं धरायला कुणीतरी लागतंच म्हणून भुजंगलाही काढलं. पुढच्याच पटकीत भुजंग गेला. चंद्रभान तेव्हा अंगावर पीत होता. बापाचा फोटो नाही, अंगठा नाही, काही नाही. फक्त ती तसबीर, आणि ती लटकलेली आतल्या बैठकीत. बैठक दुसऱ्या दरवाजाच्या आत. वस्तीतल्या माणसानं पहिल्या दरवाजापर्यंतच जायचं.

त्याची आई पार्वतीबाई जन्मभर तबेल्यात गवताचे भारे टाकत राहिली. झाडलोट करून बाहेर येणाऱ्या बायांना विचारायची, "आज पुसली का गं तसबीर? कसे दिसतेत?" बाया कधी म्हणायच्या, मिशी लय भारी हाय. कधी म्हणायच्या, हसायलेत. आई घरी येऊन पोराला सांगायची, "आज हसायलेत म्हण." नवऱ्याचा चेहरा विसरत चाललाय हे तिनं एकदाच बोलून दाखवलं. तसबीर न बघताच ती गेली. मग जहागिरी गेली, राजेसाहेबांची माणसं हैदराबादेला गेली, देवडीला कुलूप लागलं.

"घ्यायची," चंद्रभाननं घरी येऊन सांगितलं.

धुरपताबाई भाकरी थापत होती. "आन् करायचं काय तिचं?"

"भिंतीला लावायची."

"कंच्या भिंतीला? बुद्धाच्या आन् बाबासाहेबाच्या मधी? राजाचं घोडं धरून उभा केलेला माणूस?"

"बाप हाय माहा."

"हाय की. पर राजा बी हाय त्यात. त्याला काय कातरीनं कापून काढायचा?"

तिनं तव्यावरची भाकरी करपू दिली. तो गप्प बसलेला तिनं कधी बघितला नव्हता.

त्या दिवसापासून तो एका जागी ठरेना. बाजेवर बसला की उठायचा, उठला की अंगणातून रस्त्यापर्यंत जाऊन परत यायचा. देवगाव फाट्याला उतरायचं तर एसटीत बसून पुढंच निघून गेला आणि उन्हातून पायी मागं आला. सेलूच्या बाजारात त्यानं म्हशीला बैल म्हटलं, आणि वरून खांद्याचं वर्णनही केलं. लोक पोट धरून हसले. घरी आल्यावर म्हणाला, "ती तसबीर हैदराबादच्या व्यापाऱ्यातल्या कुणाला आवडली तर?"

"कुणाला आवडतीय घोडं धरणारा?"

"चित्र काढणारा चांगला असंल तर?"

"मंग जावा की आत्ताच वकिलाकडं. हितं कामून फिरायलेत, पिंजऱ्यात घातल्यासारखं?"

तो गेला. वकिलांना सरळ सांगितलं. पुकारणाऱ्यानं बोली लावू नये हा दस्तूर; तो मोडायचा नाही. बायको बोली लावेल. आणि त्या एका मालाची तो तारीफही करणार नाही आणि निंदाही नाही.

"तुझी तारीफ राहू दे," किशनराव म्हणाले. "काच तडकलीय तिची. कोण घेतंय? खुशाल लावू दे बोली."

"बघू का जरा?"

"सगळं चादरीत बांधून ठेवलंय रे. हर्रासाच्या दिवशी बघ."

धुरपताबाईनं कुणाला न विचारता दूध देणारी शेळी विकली. पैसे लुगड्याच्या पदराला बांधले आणि गाठ मारता मारता म्हणाली, "एक ध्यानात ठिवा. तुमी तोंड उघडलं की मला घेता येनार न्हाई."

"मी काय बोलतोय? काच, चौकट, एक नग. बस."

"बस म्हणजे बस."

हर्रासाच्या दिवशी देवडीच्या चौकात सतरंज्या टाकल्या होत्या. दोन्ही दरवाजे सताड उघडे होते, आणि दुसऱ्यातून आत येताना चंद्रभानचा पाय एकदा अडखळला, तरी तिथं उंबरा नव्हता. हैदराबाद-औरंगाबादचे व्यापारी पुढं खुर्च्यांवर, गावातली बडी मंडळी सतरंजीवर, बाकीचे कडेनं उभे. बायांमध्ये धुरपताबाई एका खांबाला टेकून बसली. ओट्यावर दोन गडी एकेक वस्तू आणून लोकांपुढं धरायचे आणि चंद्रभान त्यांच्या मागून पुकारायचा.

त्याला बैलांपलीकडं वर्णन येत नव्हतं. "मालक, झुंबर बघा. मारकं न्हाई, बुजरं न्हाई, लटकवलं तिथं गप लटकून राहतंय. लोलक शाबूत, दात मोजून घ्या."

पुढच्या खुर्चीवरचा हैदराबादचा सेठ हसून हसून लाल झाला. "ओ मियाँ, बैल बेच रहे क्या?"

"सेठ, बैलागत भाव आला तर वकीलसाबाची ना न्हाई."

झुंबर गेलं. शिरपेच गेला, त्याच्यावर दोन व्यापाऱ्यांची अशी झुंज लागली की वकील उभे राहिले. शाळामास्तरांनी दोन खुर्च्या घेतल्या. चंद्रभान एवढा मोकळा पुकारत होता की धुरपताबाईला बरं वाटलं. तिला दिसत नव्हतं की गड्यांच्या मागं त्याची टाच सारखी ओट्यावर आपटत होती.

मग गड्यांनी चादर सोडली आणि तसबीर लोकांपुढं धरली. चंद्रभानच्या वाट्याला तिची पाठ आली. खिळे, सुतळी, कोळ्याची जाळी. एक पाऊल पुढं टाकून वळलं असतं तर दिसली असती. त्यानं टाकलं नाही. बघितलं तर तोंड उघडेल, हे त्याला कळत होतं.

"एक तसबीर," तो म्हणाला. "चौकट लाकडाची. काच तडकलेली. बोला."

चौकात क्षणभर कुणालाच कळेना. हाच का तो चंद्रभान?

"दहा," धुरपताबाई म्हणाली.

"दहा. एक."

सेठ अत्तरदाणी उलटीपालटी करून बघत होता. बाकीच्यांनी पान लावायला घेतलं.

"दहा. दोन."

आता फक्त सगळ्यांच्या तोंडाकडं बघायचं आणि शब्द टाकायचा. तेवढ्यात सतरंजीवरून भगवानराव बोलले. गावचे मोठे शेतकरी, सवयीनंच मोठ्यानं बोलणारे. "कोण हाय रे त्या घोड्याजवळ? राजेसाहेब न्हाईत वाटतं."

शेजारचा म्हणाला, "ते तिकडं पलीकडं. हा गडी हाय कुणीतरी. घोडं ओढून धरायला."

"त्याला कशाला काढलं म्हणतो मी. चित्र खराब केलं."

लोक हसले. वाईट मनानं नाही. उन्हात बसून कंटाळलेली माणसं हसतात तसं.

चंद्रभान पुढं आला आणि वळला. धुरपताबाईनं डोळे मिटून घेतले.

"ओढून?" तो म्हणाला. "कुठं ओढून धरलंय, भगवानराव? लगाम बघा. लगाम सैल हाय. झोळीसारखा लोंबायलाय. हे घोडं कसं व्हतं, जुन्या माणसाला इचारा. दोन माणसाची बोटं खाल्ली ह्यानं. पाणी दाखवायला गेलं तरी लाथ. आन् हितं कान बघा त्याचे. माणसाकडं वळलेत. राजेसाहेबाकडं न्हाई, ह्या माणसाकडं. घोडं राजाचं असंल, पर राजाला पाठीवर बसू द्यायचं का न्हाई ते हा माणूस ठरवत व्हता. हात बघा. दोन बोटं. दोन बोटात सगळं जनावर. मी इतकी वर्सं बैलं इकली, असा हात पाहिला न्हाई. चित्रकाराला बी कळलं, म्हणून राजाच्या अंगरख्यावर त्यानं नुसता रंग भरला आन् जीव ह्या हातात वतला. अशी तसबीर पुन्हा..."

तो थांबला. सेठ खुर्चीतून उठून ओट्याजवळ आला होता आणि हातातली अत्तरदाणी त्यानं ओट्याच्या कडेवर ठेवली होती. त्यानं चष्मा लावला. लगाम बघितला, कान बघितले, बोटं बघितली.

"हौ," तो स्वतःशीच म्हणाला. "सच बोलता ये. पचास."

धुरपताबाई पदराची गाठ सोडत म्हणाली, "साठ."

"पंचाहत्तर," भगवानराव म्हणाले. ज्याला हसलो त्याची किंमत निघतेय म्हटल्यावर त्यांनाही गप्प बसवेना.

"सवा सौ," सेठ म्हणाला.

भगवानरावांनी मान हलवली. सगळ्यांनी धुरपताबाईकडं बघितलं. शेळी एवढी मोठी नव्हती. तिनं गाठ पुन्हा मारली.

चंद्रभानच्या कपाळावरून घाम मिशीत उतरला. "सव्वाशे," तो म्हणाला. "एक." मग कितीतरी वेळानं, "दोन."

आणि पुढं काही नाही.

किशनराव कुजबुजले, "चंद्रभान. तीन."

त्यानं मिशीतला घाम पुसला.

"अरे, म्हण की. तूच तारीफ केलीस, आता तूच अडवतोस? माणसं खोळंबलीत."

"क्या हुआ जी इसको?" सेठनं वकिलांना विचारलं. वकिलांनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. सेठनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पण बोली मागं घेतली नाही. व्यापारी माणूस. तो खुर्चीवर जाऊन बसला आणि अत्तरदाणीकडं बघू लागला.

धुरपताबाई उठली. बायांच्या पायांतून वाट काढत ओट्याजवळ आली, पायरी चढली.

"वाटोळं केलं ना," ती नवऱ्याला म्हणाली. आवाजात राग होता, पण तो सगळा वर आला नाही.

"मला न्हाई ऐकवलं, धुरपते."

"ते दिसलं सगळ्या गावाला." तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. "थांबा आता जरा. म्हणू नका. तुमी माल बघितला. मला मामंजी बघू द्या."

"बाई, हे काय चाललंय?" किशनराव म्हणाले.

"ह्यांनी तीन म्हणूस्तवर इकलेली न्हाई ना, वकीलसाब?"

"नाही, पण..."

"मंग झालं."

ती तसबिरीपुढं उभी राहिली. गड्यांपैकी एकानं, कुणी न सांगता, चौकट थोडी कलती केली म्हणजे तडकलेल्या काचेवरची चमक जाईल. तिनं आधी पाय बघितले, अनवाणी. मग धोतर. मग तो हात. तोंडाकडं बघायला तिनं वेळ घेतला. चौकात कुणीतरी खोकलं; सेठनं घड्याळ काढून पुन्हा खिशात ठेवलं. चंद्रभान तिच्या मागं उभा होता आणि त्याला तिचा पदर तेवढा दिसत होता.

"हसायलेत का?" त्यानं विचारलं.

"न्हाई. बाया खोटं सांगत व्हत्या." ती आणखी जवळ गेली. "घाबरल्यागत दिसतेत. चित्रकाराकडं बघून. घोड्याला न्हाई भ्याले, त्याला भ्यालेत. आन् कान तुमचेच हायेत. डावा जरा बाहीर आलेला."

चंद्रभानचा हात आपोआप कानाकडं गेला.

"झालं?"

"उलीशिक थांबा." ती आणखी थोडा वेळ बघत राहिली. मग मान हलली.

"तीन," चंद्रभान म्हणाला.

गड्यांनी चादर उचलली. धुरपताबाईनं सासऱ्यांना पाठ दाखवली नाही. पदर हातानं धरून ती एकेक पाऊल मागं मागं येऊ लागली.

"बाई," किशनराव घाईनं म्हणाले, "मागं अत्तरदाणी आहे."