पट्ट्याकडून तिसरा

सदर कर्मचारी स्त्री असून वय वर्षे एक्कावन्न. पद : सहायक तंत्रज्ञ, श्रेणी दोन. शैक्षणिक पात्रता अपूर्ण. वर्तणूक समाधानकारक, तथापि प्रश्न विचारण्याची सवय आढळते. दोषनिदानाचा अधिकार सदर पदास नाही. वर्कशॉपातलं प्रत्येक अवघड इंजिन बावीस वर्षं तिच्याचकडे जातं.

सगळे तिला ताई म्हणतात. साहेबही म्हणतात, फक्त चिडले की ‘मॅडम’. वडील जनरेटर दुरुस्त करायचे आणि ही शेजारी बॅटरी धरून उभी राहायची. उजेड हलला की टपली बसे. त्यातून हात स्थिर झाला आणि कुणी डोळे वटारले तरी जागचं हलायचं नाही, ही खोडही लागली. नवरा शिंपी आहे. तो म्हणतो, “गिऱ्हाईक निदान मापापुरते तरी हात वर करतं. ही तेवढेही करत नाही.”

बेकरीवाल्याची डिझेल व्हॅन आली ती समोरचा पिवळा दिवा पेटवूनच. स्कॅनर लावला. कोड निघाला : सिलिंडर तीन, दाब असाधारण. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दाब मोजणारा बोटभर सेन्सर असतो. ताईंनी तिसरा बदलला. दिवा परत लागला. पुन्हा बदलला. परत लागला.

नियमावली इथे फार स्पष्ट होती. दोन सेन्सर वाया गेले की दोष दाबातच समजावा आणि इंजिन उघडावं. म्हणजे तीन आठवडे. बेकरीवाल्याच्या दुकानदारांनी तीन दिवसांची मुदत दिली होती. त्यानंतर ते दुसऱ्याकडून पाव घेणार होते.

“सही करा,” साहेबांनी इंजिन उघडण्याचा कागद पुढे सरकवला.

“इंजिन चांगलं आहे, साहेब.”

“कशावरून?”

“चारही सिलिंडरचा दाब गेजनं मोजला. काटा चारही वेळा एकाच जागी.”

“कॉम्प्युटर खोटं बोलतो का?”

“मी नाही करणार सही.”

“मॅडम, तुम्हाला कुणी मत विचारलेलं नाही.”

“म्हणून तर फुकट देतेय.”

बाकावर बसलेला बेकरीवाला एकदम हसला आणि साहेबांकडे बघून खोकला.

ताई बॉनेटखाली गेल्या. गेज खरा, सेन्सर नवा, कॉम्प्युटरही शहाणा. मग ‘तीन’ म्हणजे कोणता? वर्कशॉपात सिलिंडर मोजायचे ते इंजिनाचा पट्टा असतो त्या टोकाकडून. भिंतीवर तसा तक्ता रंगवलेला होता. त्यावर कुणी कधी प्रश्न विचारला नव्हता, ताईंनीही नाही. त्यांनी पट्ट्याकडून तिसऱ्या सेन्सरची वायर काढली.

“परवानगी?” साहेब ओरडले.

“स्कॅनर बघा आधी.”

स्कॅनरवर नवी ओळ आली होती : सिलिंडर दोन, सेन्सर जोडलेला नाही.

“हे इंजिन गिअरबॉक्सच्या बाजूनं मोजतं,” ताई म्हणाल्या. “कॉम्प्युटर खरंच बोलत होता. आपण भलत्याच टोकाला उभं राहून ऐकत होतो. दोन्ही वेळा मी चांगलाच सेन्सर काढून फेकला.”

खरा तिसरा बाहेर काढला तेव्हा तो काजळीनं माखलेला आणि टोकाला तडकलेला निघाला. नवा बसवला, कोड पुसला, व्हॅन अर्धा तास फिरवून आणली. दिवा लागला नाही.

“ताई,” बेकरीवाला म्हणाला, “तुमच्या घरी पाव कधी पाठवू?”

“पाव दुकानात पाठवा. तीन दिवस होत आलेत.”

साहेबांनी अहवालाचा कागद आणला आणि आवाज खाली आणला. “एवढंच लिहा, सेन्सर बदलला. उगाच फाटे नकोत.”

ताईंनी लिहिलं : सेन्सर दोनदा चुकीच्या जागचा बदलला, मी. भिंतीवरचा तक्ता या इंजिनाला लागू नाही. पुढच्यानं तो बघू नये.

“खोडा ते. वरती जाईल हे.”

“जाऊ दे की. वरच्यांनाही मोजता यायला हवं.”

आठवड्याने नोटीस आली. सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय वायर विलग करणे व अधिकारकक्षेबाहेर निदान करणे, याबाबत सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. ताईंनी खुलासा त्याच दिवशी दिला, एका ओळीचा.

‘इंजिन उघडावं लागलं नाही.’