लहानूभाऊंनी खर्र्यासारखे चघळलेले औषध

गोंडपिपरी तालुक्यातील आमच्या गावात विहारातली वंदना लहानूभाऊ खोब्रागडे घेत. शेती बेताची, आवाज मात्र भरदार. वंदना आटोपली की ते विहारामागे जाऊन बिडी ओढत आणि कोणी येताना दिसले की ती मुठीत लपवत. पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे. त्यात बिडी येते का, असे त्यांना कोणी विचारले नव्हते. ते स्वतःच स्वतःला विचारत.

खोकला वाढला तेव्हा पत्नी ठमाबाई त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशन करणाऱ्या रंजीताताईंनी दिवसाला किती बिड्या लागतात, असे विचारले.

"चार-पाच," लहानूभाऊ जमिनीकडे पाहत म्हणाले. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्राही ते दिवसभर चघळत, पण त्याचे नाव त्यांनी काढले नाही. या उत्तरावरून त्यांना कमी ताकदीची निकोटिनची च्युइंगम मिळाली. ती कशी वापरायची ते ताई समजावत होत्या. खोटे बोलून बसलेल्या माणसाचे लक्ष मात्र दाराकडे होते.

त्याच आठवड्यात त्यांनी विहारात जाहीर केले, "बिडी सोडली मी. मनात आणलं अन् सोडली." टाळ्या झाल्या. औषधाचा उल्लेख झाला नाही.

तलफ मात्र हटेना. पौर्णिमेच्या वंदनेआधी त्यांनी दोन-तीन च्युइंगम एकदम तोंडात टाकल्या आणि खर्रा चघळतात तशा भराभर चावून रस गिळला. तेवढ्यानेही भागेना, म्हणून गोठ्यामागे बिडीही ओढली. शील देता देता त्यांना उचक्या लागल्या, घाम फुटला. ते धडपडत बाहेर गेले आणि भिंतीला धरून ओकले.

"काऊन जी लहानूभाऊ," वंदनेला आलेला नथ्थू हसत म्हणाला, "शील आमाले देता अन् मोहाची सोताले ठेवता का?"

सगळे हसले. लहानूभाऊंनी दारूला कधी स्पर्श केला नव्हता. पण तसे सांगायचे तर बिडीचेही सांगावे लागले असते. ते मान खाली घालून घरी गेले.

"लोकं दारू समजून राह्यले," ठमाबाई म्हणाल्या. "सांगून टाका ना."

"काय सांगू? टाळ्या घेतल्या ना मी."

"तं वापस करा टाळ्या! अन् पयले दवाखान्यात चला."

च्युइंगम कशी चावली ते त्यांनी जबडा हलवून दाखवले तेव्हा रंजीताताईंनी कपाळाला हात लावला. "बाबा, हा खर्रा नाई. एका वेळी एकच. हळू चावा, तोंडात झणझण झाली की गालाशी दाबून ठेवा. झणझण गेली की पुन्हा हळू चावा. रस गिळत बसू नका, सोबत चहा नको. बिडी आणि खर्रा अजिबात नाई. आता खरं सांगा, सकाळची पहिली बिडी कधी?"

"डोळे उघडले का," लहानूभाऊ पुटपुटले. "दिवसाले बंडल लागते. खर्रा वेगळा."

"तेव्हाच सांगितलं असतं तर औषध त्या मानानं दिलं असतं."

"लाज वाटली, बाई."

ताईंनी डॉक्टरांना बोलावले. त्यांनी रक्तदाब आणि छाती तपासून औषधाची ताकद वाढवली. पुढे ती हळूहळू कमी करायची, आणि लहान मुलांच्या हाती पाकीट लागू द्यायचे नाही, असे बजावले.

पुढच्या वंदनेला लहानूभाऊ उभे राहिले. "त्या दिवशी दारू नव्हती. बिडी सोडाचं औषध होतं, मी ते चुकीचं घेतलं. मनानं सुटली म्हटलं, ते खोटं होतं."

या वेळी टाळ्या झाल्या नाहीत. नथ्थू सतरंजीचा दोरा ओढत राहिला. मागून कोणीतरी विचारले, "मंग आज वंदना कोन घेईल?"

लहानूभाऊंनी ठमाबाईंकडे पाहिले. त्या वंदना घ्यायला पुढे येऊन बसल्या. ते शेवटच्या रांगेत गेले. पुढच्या रांगेतल्या गुणाबाईंनी सरकून जागा करून दिली, तेव्हा त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली आणि ते भिंतीशीच बसून राहिले.